छातीचं ऑपरेशन

डॉक्टरीणबाईंनी कागदावर शेजारी शेजारी दोन गोल काढले, तशी आक्का खुर्चीत पुढे सरकली.

"हृदय एकच असतं ना हो?"

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. नवऱ्याने पंख्याकडे पाहिलं. बायको पर्सची चेन उघडत आणि लावत राहिली.

आक्का म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. भावाने फोनवर 'हिच्या छातीचं ऑपरेशन आहे' एवढंच सांगितलं होतं. आक्का धावत आली आणि आल्यापासून भावजयीला जिना चढू दिला नाही. मिठाचा डबा वरच्या फळीवर गेला. भावजय तोंड मिटून अळणी जेवली. त्या घरात गुडघ्याला गुडघा म्हणत, मूळव्याधीलाही मूळव्याध म्हणत. या एका अवयवाला मात्र नाव नव्हतं.

"हृदयाचं नाही, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्तनाचा कर्करोग आहे."

आक्काने ते दोन गोल पुन्हा नीट पाहिले. मग भावाकडे वळली.

"तोंडात काय धरलं होतंस रे?"

"तुला कसं सांगणार, आक्का."

"हगवण लागली की चारचौघांत ओरडत यायचास. तेव्हा बरं जमायचं." तिने भावजयीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आणि तू गं? अळणी गिळत बसलीस."

"तुम्ही इतक्या मनापासून डबा लपवलात. कसं सांगू?"

डॉक्टरीणबाईंनी एका गोलात दोन टिंबं काढली. "गाठी दोन ठिकाणी आहेत. नुसत्या गाठी काढून भागणार नाही, हा पूर्ण काढावा लागेल. मग ती जागा सपाट ठेवता येते. नाहीतर आत सिलिकॉन बसवून आकार देता येतो. किंवा पोटाची चरबी वर घेऊन. ते ऑपरेशन मोठं, उठायला वेळही जास्त. आत्ताच करा, नाहीतर पुढे कधीतरी. किंवा करूच नका. तुम्ही म्हणाल ते."

"सपाट," नवरा म्हणाला. "जीव वाचला, मिळवलं. या वयात बाकीचं कशाला?"

"मग या वयात तू केसांना काळं कशाला फासतोस?" आक्का म्हणाली. "छाती हिची. हिला बोलू दे."

नवऱ्याचा हात डोक्याकडे निघाला आणि अर्ध्या वाटेतून परत आला.

सगळे बायकोकडे बघू लागले. बोलणाऱ्याचे कुळीथसुद्धा विकतात म्हणतात. हिने आजवर स्वतःचे गहूही कधी बाजारात मांडले नव्हते.

"ते सिलिकॉनचं," ती म्हणाली, "बघायला मिळेल?"

डॉक्टरीणबाईंनी ड्रॉवर उघडून एक मऊ, पारदर्शक गोळा टेबलावर ठेवला. नवऱ्याने खुर्ची बोटभर मागे घेतली. आक्काने तो उचलून तळहातावर तोलला.

"गार आहे. मेलेल्या माशासारखं."

"आणि जन्माचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही वर्षांनी बदलावं लागू शकतं."

"जन्माचं माणूस तरी कुठे असतं." आक्काने गोळा भावजयीच्या हातात दिला. "पोटातलं लागलं तर माझं घ्या हो. भरपूर आहे."

"दुसऱ्याचं चालत नाही, मावशी."

"बघा. एवढं साठवलं, तेही कुणाच्या कामाला नाही."

नवरा दवाखान्यात किती दिवस राहावं लागेल ते विचारू लागला, मग टाक्यांचं, मग औषधांचं. डॉक्टरीणबाई एकेक सांगत होत्या. बायकोने गोळा दोन्ही हातांत मिटून मांडीवर धरला होता. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं.

"एक विचारू?" ती मध्येच म्हणाली. "हात लावला, तर तिथे कळेल?"

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"बहुतेक नाही. आकार येतो. स्पर्श परत येत नाही. कुणाला थोडाफार येतो, पण त्या आशेवर ठरवू नका."

"बघ," नवरा म्हणाला. या वेळी हळू म्हणाला. "ज्याला काही कळतच नाही, ते अंगात बाळगून काय करायचं?"

बायकोने ओंजळ उघडली. गोळ्यावर तिच्या तळहातांचा ओलावा आला होता.

"गरम झालंय," ती म्हणाली. "त्याला नाही कळलं तर नाही. माझ्या हाताला कळेल."