नवरंगाचा फोटो

"आला, दादा! समोरच्या फांदीवर बसलाय," धाकटा कुजबुजला.

समोरची फांदी रिकामी होती.

उजाडण्याआधीपासून दोघे भाऊ झुडपाआड बसले होते. धाकट्याच्या फरशीच्या दुकानात एव्हाना गिऱ्हाईक येऊन खोळंबलं असणार. खिशातला फोन सारखा थरथरत होता, जळवा पायमोज्यांवर चढत होत्या. नवरंग यायचं नाव घेत नव्हता आणि दादा उठायचं.

दादाचा फोटो स्टुडिओ होता. लोकांना सरळ बसवण्यात, हनुवटी वर करायला सांगण्यात त्याचा जन्म गेला. सुट्टी मिळाली की मात्र स्वारी जंगलात. एकेक पाखरू त्याने साधलं, नवरंग तेवढा हुकत राहिला. मग साखरेने डोळे नेले. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. "एकदा घेऊन चल रे. फोटो तू काढ. मला नुसतं सांग, कसा दिसतो," असं तो वर्षभर म्हणत होता आणि धाकटा वर्षभर आज-उद्या करत होता.

"कसाय?" दादाने विचारलं.

स्टुडिओतल्या जुन्या कॅलेंडरातला नवरंग धाकट्याला तोंडपाठ होता. "पाठ हिरवीगार. खांद्यावर निळा डाग, काय चमकतोय! पोट पिवळसर, शेपटीखाली लालभडक. डोळ्यावरून काळा पट्टा." रिकाम्या फांदीवर कॅमेरा रोखून त्याने खटाखट बटण दाबलं. एकदा सुरू झालेली जीभ थांबेना. नवरंगाने मान वाकडी केली, पंख झटकले, टुणकन उडी मारली.

दादाच्या चेहऱ्यावर एकाएकी हसू पसरलं. लहान पोराचं असावं, तसं. धाकट्याने नजर खाली वळवली. आंधळ्यासमोरही त्याला ती वर ठेववेना.

"उडाला," तो कसाबसा म्हणाला.

घरी वहिनी चहा घेऊन उभीच होती. "दाखवा बघू भाऊजी तुमचा नवरंग! त्याच्या नावाने ह्यांनी आयुष्यभर माझं डोकं खाल्लंय."

धाकट्याने कॅमेऱ्याची पिशवी छातीशी घट्ट धरली.

"फोटो कसले दाखवतोय? कार्डच घालायला विसरला गडी," दादाच हसत म्हणाला. "पण सांगितलं मात्र झकास हं!"

चहाचा कप तसाच ठेवून धाकटा उठला. भिंत चाचपत दादा दारापर्यंत आला.

"दादा, मी ना..."

"घाई होती तर सांगायचंस रे," दादा हलक्या आवाजात म्हणाला. "तू फांदी दाखवत होतास ना, तेव्हा नवरंग आपल्या पाठीमागेच शीळ घालत होता. म्हटलं, तुला वळून बघ म्हणावं, तर तू खोटा पडशील."