परवानगी

"पालकांच्या परवानगीशिवाय एकाही मुलाचा चेहरा ग्रुपवर जाणार नाही," असं बाईंनी वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून दिलं होतं, आणि ते अगदी काटेकोरपणे पाळलं.

वर्गातल्या एकाच मुलीच्या आईने नकार दिला होता. पण पोरीला एकटीला बाजूला उभं करणं बाईंच्या जिवावर यायचं. त्या तिलाही सगळ्यांमध्ये घ्यायच्या, मग तिचा चेहरा ब्लर करून फोटो ग्रुपवर टाकायच्या आणि मूळ फोटो लगेच पुसून टाकायच्या.

"शिकावं तर यांच्याकडून!" मुख्याध्यापक मीटिंगमध्ये म्हणाले होते.

तापाचं निमित्त झालं आणि ती मुलगी गेली. काही दिवसांनी तिची आई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

"घरी फोटो काढायला गेलं की तोंड लपवायची हो. शाळेत मात्र खूप हसायची म्हणे. तुमच्याकडे मूळ फोटो असतील ना, बाई?"

बाईंनी नुसती मान हलवली. नाही.

आईने आपल्या फोनवरचा ग्रुपचा फोटो उघडला आणि तो पुसट गोल दोन बोटांनी मोठा करत, आणखी मोठा करत बाईंसमोर धरला.



"मग तुम्हीच सांगा, इथे हसतेय ना ती?"