आप्पांच्या कानाचं मशीन

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. वाय-फाय चाललं, टचपॅड चाललं, आवाज मात्र गेला. साउंड कार्डाचा ड्रायव्हर सापडेना, म्हणून निदान हेडफोन जोडावेत असं ठरवून मी ब्लूटूथ उघडलं.

हेडफोनच्या वर एक नाव दिसलं: ‘आप्पा कान’.

वडिलांच्या कानाच्या मशीनला ते नाव मीच दिलं होतं. नीट ऐकू आलं नाही की आप्पा आधी मशीनचा आवाज वाढवायचे आणि मग विचारायचे, “काय म्हणालास?”

“आई, आप्पांचं मशीन घरात आहे का गं?”

“नाही रे,” मेथी निवडता निवडता ती म्हणाली. “रामकुंडावर अस्थींबरोबर मीच सोडलं ना. म्हटलं, तिकडे त्यांना ऐकू यायला नको का?”

जुनी नोंद राहिली असेल म्हणावं, तर डिस्क मी सकाळीच पूर्ण पुसली होती. नावावर क्लिक केलं. मशीन जोडलं गेलं.

चाचणीचा आवाज लावला. खोलीत काहीच वाजलं नाही.

“आला का आवाज?” आईने विचारलं.

मी उत्तर देण्याआधी स्क्रीनवरची आवाजाची पट्टी आपोआप सरकत शेवटपर्यंत गेली. मग माइकचा दिवा लागला.