वाक्यात उपयोग

वेंगुर्ल्याच्या वाचनालयात दिगंबरराव रोज एखादा अवघड इंग्रजी शब्द शोधून आणायचे आणि शेजारी बसणाऱ्या शरयूबाईंना त्याचा अर्थ विचारायचे. शरयूबाई इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका. दोघंही एकटीच राहत. बाईंशी बोलायला दिगंबररावांना दुसरं निमित्तच सुचत नसे.

आज त्यांनी घसा खाकरून विचारलं, “बाई, ‘रेंडेझव्हस’ म्हणजे काय हो?”

शरयूबाई खुदकन हसल्या. “अहो, रेंडेझव्हस काय! ‘रॉन्देव्हू’ म्हणायचं. म्हणजे दोघांनी वेळ ठरवून भेटणं.”

“रॉन्देव्हू,” दिगंबररावांनी आज्ञाधारकपणे घोकलं. “वाक्यात उपयोग करून सांगाल?”

बाईंनी चष्मा काढून सावकाश पुसला. “उद्या संध्याकाळी बंदरावर आपलं रॉन्देव्हू आहे. आणि येताना शब्दबिब्द आणू नका. नुसते या.”

दिगंबररावांना साधं ‘हो’सुद्धा उच्चारता येईना.