आठ महिन्यांचा अंदाज

“हिपॅटायटिसमधून झालेला लिव्हरचा कॅन्सर, म्हणून मी आठच महिने सांगितले होते,” डॉक्टर बाबांचा रिपोर्ट बघून हसल्या. “दीड वर्ष झालं. काका, अजून चार-पाच वर्षं सहज काढाल!”

त्या आठ महिन्यांच्या धास्तीनेच बाबांनी माझं लग्न घाईघाईने उरकलं होतं. आणि त्याच आठ महिन्यांकडे बघत मी सासरचा जाच मुकाट्याने सोसत होते. मला बाहेर सोडायचे ते फक्त बाबांच्या तपासणीला, तेही नवऱ्याच्या पहाऱ्यात. बाबांना सुखाने डोळे मिटू द्यायचे, मगच ते घर सोडायचं, असं मी ठरवलं होतं.

चार-पाच वर्षं! मला रडू फुटलं.

प्रत्येक तपासणीला मी रडायचे आणि बाबा मलाच धीर द्यायचे. आज त्यांनी माझा चेहरा आपल्याकडे वळवून नीट निरखला.

“इतके दिवस मला वाटत होतं, तू माझ्यासाठी रडतेस,” ते हळूच म्हणाले.

बाहेर बाकावर नवरा घड्याळ बघत बसला होता. बाबा माझा हात धरून त्याच्यासमोर उभे राहिले.

“जावईबापू, तुम्ही निघा. हिला मी घरी नेतोय. डॉक्टर म्हणतात, माझ्याकडे अजून भरपूर वेळ आहे.”