घुंगरं सोडू नका

देवीची लस टोचणारा धानोऱ्याकडून येऊन राह्यला, हे ऐकताच माता कोपेल या धाकानं अख्खं गाव जंगलात पळालं. नसांच्या आजारानं डोमाजीचे पाय कधीचे लुळे पडलेले. त्याला खाटेसकट उचलायला चार गडी आले, तर हा हटून बसला, "मले बंडीतच न्या. अन् बैलायचे घुंगरं सोडू नका, आजारी माणसाले अपशकून होते!"

मोहाच्या झाडांआड गाव चिडीचूप बसलं. बैलांनी मात्र माशा वारत माना हलवायच्या त्या हलवल्याच. घुंगरांच्या आवाजावर टोचणारा बरोब्बर येऊन ठेपला अन् सोबतच्या कोतवालानं एकेकाचा दंड त्याच्यापुढे केला. शेवटी पाळी आली डोमाजीची.

"मले नाई जमत, भाऊ," तो ऐटीत म्हणाला. "माह्या आजारात टोचाचं नाई, असं चांद्याच्या डाक्तरानं सांगतलं हाय."

त्याची बायको मनकर्णा दंडावर फुंकर घालता घालता भडकली, "अजी, मंग आमाले काऊन पकडून देल्लं?"


"तो डाक्तरच म्हणे, तुले टोचता येत नाई, तं भवतालच्या साऱ्यायले टोचून घे. आता सांगून तुमी थोडेच आले असते?"