चौथ्या मशीनवरचा धडा

डाव्या हातात दोन जाड सुया होत्या, म्हणून फोन उजव्या हातात. मशीनवर अजून वीस मिनिटं उरली होती आणि विश्वजीतचा पायथॉनचा एकविसावा धडा चालू होता. सांगलीच्या त्या डायलिसिसच्या हॉलमध्ये बाकीचे आठवड्यातून तीनदा चार-चार तास झोपा काढत. हा शिकत होता. एकाच वेळी अनेक कामं चालवणारे प्रोग्राम कसे लिहायचे, ते.

शेजारच्या खाटेवर रिटायर हवालदार आप्पासो. त्यांना झोप येत नसे, आणि दुसऱ्याचं काय चाललंय ते कळल्याशिवाय चैनही पडत नसे.

"आज काय शिकिवलं रं मास्तरनं?"

विश्वजीतनं कानातलं काढलं. "दोन कामं हायती, आप्पा. दोघास्नी दोन-दोन किल्ल्या लागत्यात. एकानं एक धरलीया, दुसऱ्यानं दुसरी. ह्यो म्हणतोय तू सोड, त्यो म्हणतोय तू सोड."

"मग?"

"मग काय न्हाई. प्रोग्राम चूक दाखवत न्हाई, बंदबी पडत न्हाई. नुसता थांबून ऱ्हातो."

"आन् इलाज?"

"कुणीतरी आपली किल्ली आदी सोडायची."

आप्पासो छताकडं बघून हसले. "असं गाव कुठं हाय, तेवढं इचार मास्तरला."

दार उघडलं. विश्वजीतची थोरली बहीण संयोगिता, तिचा नवरा जयराज आणि सासू बनुबाई. कवठे महांकाळहून तिघं आले होते. संयोगिता किडनी द्यायला तयार होती. तपासण्या जुळल्या होत्या. दवाखान्याच्या कागदावर एकच रकाना कोरा होता, नवऱ्याच्या संमतीचा. दिवाळीत जयराज म्हणाला होता, बायकोची किडनी द्यायची तर मेव्हणा आधी पायावर उभा दिसू दे, त्याला नोकरी लागू दे. त्या दिवसापासून विश्वजीत खाटेवर पडून शिकत होता.

बनुबाईंनी खाटेखाली शहाळी ठेवली. किडनीच्या आजारात शहाळं चालत नाही, हे त्यांना मागं दोनदा सांगून झालं होतं. रिकाम्या हातानं आले, असं मात्र आता कुणाला म्हणता येणार नव्हतं.

"लागली म्हणं नोकरी?"

"व्हय, मावशी. पुण्याची कंपनी. घरात बसूनच करायचं काम. परीक्षेत पयला आलो."

"लय ग्वाड झालं. जयराज, बघ की रं."

जयराज साखर कारखान्यात क्लार्क होता. शेवटची ओळ वाचल्याशिवाय कशावरही सही न करण्याबद्दल त्याचं नाव होतं. विश्वजीतनं मेल अभिनंदनाच्या ओळीवर आणून ठेवला होता. जयराजनं फोन घेतला, ती ओळ वाचली आणि अंगठ्यानं खाली सरकवली.

"रुजू व्हायच्या आदी तब्येतीचा दाखला पायजे म्हणत्यात," तो आईला म्हणाला. "तीन दिवसात."

"म्हंजे?"

"म्हंजे माणूस ठणठणीत असंल, तर नोकरी."

त्यानं फोन परत विश्वजीतच्या हातात दिला.

"दाजी," विश्वजीत म्हणाला, "किडनी बसली की त्यो दाखला मिळतोय. कंपनीला थांबा म्हणायचं, तर आपरेशनची तारीख दाखवाय लागंल. तुमी सही केली की तारीख मिळंल."

"मी कुठं न्हाई म्हणतोय? नोकरी पक्की झाली की त्याच दिवशी सही. आईला इचार, मी सोताहून कवा आडवं बोललोय का. पर आईचा जीव घाबरतोय रं."

"माझं काय न्हाई, बाबा," बनुबाई म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाचं काय? जयराज म्हणंल तसं."

संयोगिता भिंतीला टेकून उभी होती. तिला अजून कुणी बस म्हटलं नव्हतं.

"अंग माझं हाय," ती म्हणाली.

"तुझंच हाय की," जयराज आवाज न चढवता म्हणाला. "पर रकाना नवऱ्याचा हाय."

त्यात राग नव्हता. कारखान्याच्या खिडकीतून तो रोज लोकांना नियम सांगायचा, तसंच त्यानं सांगितलं. मग तिच्या पिशवीतला संमतीचा कागद काढून त्यानं जुन्याच घड्यांवर घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवला. "तुझ्याकडं हरवंल."

आप्पासोंनी डोळे मिटून घेतले होते.

विश्वजीतच्या मशीननं शिटी दिली. नर्सनं येऊन सुया काढल्या, जागेवर कापसाची जाड घडी ठेवली आणि दहा मिनिटं दाबून धरायला सांगून ती पुढच्या खाटेकडं गेली. संयोगितानं पुढं होऊन घडीवर अंगठा ठेवला.

"चल गं," बनुबाई दारातून म्हणाल्या. "गाडी चुकंल."

ती हलली नाही.

"चल," जयराज म्हणाला.

तिनं भावाच्या हातातला फोन काढून त्याच्या मांडीवर ठेवला. त्याचा उजवा अंगठा घडीवर आणून टेकवला, वरून एकदा आपल्या हातानं घट्ट दाबला. मग ती गेली.

ती गेल्यावर फोन वाजायला लागला. पुण्याचा नंबर.

"उचल की रं," आप्पासो म्हणाले. त्यांचा स्वतःचा हात सुयांनी खाटेला जखडलेला होता.

विश्वजीतनं अंगठा जरासा उचलून पाहिला. कापसावर लाल ठिपका उमटला आणि बघता बघता रुपयाएवढा झाला. त्यानं अंगठा परत दाबला. फोन मांडीवर थरथरत थरथरत गुडघ्याकडं सरकत होता, आणि तो खाली पडू नये म्हणून विश्वजीतनं दोन्ही गुडघे हळूच जवळ घेतले.